दुखणं त्याचं, पथ्य आमचं

बाप! दुसरं कोणी नाही, माझ्या बापानेच केलं सगळं, आणि लगेच तोंडं वाकडी करू नका, बापाला बाप म्हणतोय, अजून काय म्हणू? झालं काय, की बापाच्या किडन्या कुरकुरायला लागल्या, डॉक्टर म्हणाले प्रोटीन बेताने खा, तर हा गृहस्थ दारातूनच गरजला, "आजपासून या घरात अंडं नाही, मासा नाही, डाळ नाही!" या घरात? किडनी काय घराची होती? पण आईचं ठरलेलं, "दोन-दोन स्वयंपाक कोण करणार? सगळ्यांनी तेच खायचं." संपलं! सकाळी भात, रात्री भात, जिभेला चव म्हणून उकडलेला भोपळा... दुखणं त्याचं, पथ्य आमचं!

आता मी कॉलेज सोडलं ते गिटारपायी. आणि तुम्हाला सांगतो, माझी गिटार वाजते उजव्या हाताच्या नखांनी. नख म्हणजे आमचं हत्यार हो! रोज घासून गुळगुळीत करायचं, बरणीचं झाकणसुद्धा डाव्या हाताने उघडायचं... एवढं जपलं, आणि वर्षभरात तीच नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायला लागली! शर्टाचं बटण लावलं, गेलं एक. आत्या म्हणते, "मुलगा असून नखं वाढवतोस, बरी खोड मोडली!" आई म्हणते, "मोबाइल कमी कर." आमच्याकडे पाय मुरगळला तरी मोबाइलच!

गेलो त्याच डॉक्टरांकडे. रक्त तपासलं, बाकी काही सापडेना, तेव्हा विचारतात, "खातोस काय?"

"तुम्ही सांगितलेलं."

"मी? तुला?"

सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, नख प्रोटीनचंच बनतं! पोटात माल नसेल तर शरीर नखं कशाला घडवत बसेल? खायला लाग. पण मुळातलं नवं नख टोकाला यायला पाच-सहा महिने धर."

महिने! आणि हॉटेलात वाजवायच्या नोकरीची चाचणी पुढच्या आठवड्यात!

डॉक्टरांनी माझ्यासमोर बापाला फोन लावला. "अहो, पथ्य तुम्हाला सांगितलं होतं, घराला नाही!" बाप पलीकडून काय म्हणाला असेल? "डॉक्टर, घर म्हणजे मीच." घ्या! याच्यावर कुठलं औषध आहे? दुखणं त्याचं, पथ्य आमचं!

मग काय, टेबल टेनिसचा चेंडू कापला, नखाएवढे तुकडे केले, गोंदाने बोटांवर चिकटवले. करतात हो वाजवणारे असं! हॉटेलचा मॅनेजर कॉफी घेऊन समोर बसलेला, मी डोळे मिटून वाजवतोय, रंगात आलोय... आणि टक्! अंगठ्याचा तुकडा उडाला तो थेट त्याच्या कपात. त्याने चमच्याने काढला, उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"नख, सर."

त्याने कप लांब सरकवला.

बापाला सांगितलं तर म्हणतो, "मी म्हणतच होतो, तुझ्याच्याने होणार नाही! ये दुकानात." खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे त्याचं. आई आता मला चोरून अंडी उकडून देते, बापाला वास येऊ नये म्हणून खिडकी उघडून. नखं परत आली. जाड, टणक, एकदम फर्स्टक्लास.

खिळ्यांची पाकिटं फोडायला उपयोगी पडतात. गिटार विकली.