नोराच्या दिवशी आलेलं स्थळ

ऐका तर मग सुरेखाताई. एक होती नोरा, एक होता माझा नातू गंधार, आणि एक होती तुमची रेवती, जी मुलगा बघायला टॅला गावाहून इथे परदेशातच आमच्या नास गावात आली आणि मुलगा घरी नाही म्हणून त्यालाच शोधायला निघून गेली. आता नोरा कोण म्हणून अशा बघू नका — गाय आहे. लाल, अंगानं दणकट. दुधाची नव्हे हो, मांसाच्या जातीची — बघा, विनय बजावून गेला होता, आई, तेवढं बोलू नकोस, आणि माझ्या तोंडून नेमकं तेच आलं. आत शिरा परततोय, ऐकू गेलं नसेल.

गंधार डॉक्टर म्हटल्यावर तुम्हाला हॉस्पिटलातला वाटला होय? अहो, गुरांचा. आणि तो मारत नाही कुणाला, जन्माला घालतो. चांगल्या गायीला इंजेक्शनं देतात, की एका वेळी पुष्कळ बीजं पिकतात, मग रेतन, आणि आठवड्यानं पोटातले इवले गर्भ अलगद धुऊन काढून दुसऱ्या गायींच्या पोटी ठेवायचे — जावाजावा एकमेकींची पोरं सांभाळतात ना, तसंच म्हणा. तो दिवस चुकला की गेलं सगळं. नोराचा दिवस आज आला. बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलता येतो, गाय येत नाही — हे मी नाही म्हणत, तो म्हणाला, तेही इंग्रजीत.

आणि ही बाई महालहरी. एरवी इथे बारमाही पाऊस, पण गेल्या उन्हाळ्यात नाही, गवत वाळलं, ही रोडावली — एकही गर्भ दिला नाही. मालकानं घाबरून खुराक वाढवला तर इतकी लठ्ठ झाली की तेव्हाही नाही. बेताची हवी, शांत हवी. कुणी खेकसलं, गाडीत हिंदकळली, की बिनसलं. आणि तिचीच सख्खी बहीण, तेच खाणं, तोच गोठा, ती भरभरून देते. मी म्हटलं, गंधार, तुझंही हिच्यासारखंच रे, तीन मुली बघून झाल्या — नाही नाही, दोनच. तिसरीनं गाडीत बसल्या बसल्या नाकाला रुमाल लावला, ती कशाला धरायची? एकीच्या वडिलांनी मांसाची गुरं ऐकून फोनच ठेवला. हा इथल्या गोऱ्यांसारखं ‘ग्रँड, आजी, ग्रँड’, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, करत गोठ्यावर गेला. मीही त्याच्यासमोर हसले. मग दोन दिवस घास उतरला नाही. आता आणखी एक नकार आला तर त्याला झेपायचा नाही हो — त्याला म्हणजे, मलाच.

तुम्ही नका ना तसा चेहरा करू. आणि एक सांगा, रेवती निघाली तेव्हा गोठ्याचा पत्ता कुणाला विचारला तिनं? मला नाही, विनयला नाही. सरळ गाडी काढली. आलं ध्यानात? त्यानंच कळवला असणार, दोघांचं आधीच बोलणं चालू आहे. आपण दोघी इथे उगाच काळजी वाहतोय.

थांबा, गाडी आली. जरा पडदा सरकवा. तीच चालवतेय. उतरली — अगं बाई, पायात गंधारचे गमबूट, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हसतेय. आणि आमचं ध्यान मागून येतंय, तिचे नाजूक सँडल दोन्ही हातांत धरून, नैवेद्याचं ताट धरावं तसे. विनय, दार उघड रे. पावलं आमच्या दारात आली बघा, चिखलाची का होईना.

आता तुम्ही गप्प बसा हं, विहीणबाई. मघापासून फार बोलताय.