आल्प्सचं गडंगनेर

नाई, तुम्हीच सांगा, पहाडावरून खाली उतरायले कोणी सात समुद्र ओलांडून जाते काय? अन् जाते तं जाऊ द्या बाप्पा, ज्याची त्याची हौस, पण जायच्या आधीच गावानं त्याले जेवू घालू घालू लाजेनं अर्धमेला करून टाकावं, असं कुठी ऐकलं तुम्ही? आमच्या गजेंद्रचं झालं ना तसं. गजेंद्र म्हणजे आमच्या आंजी गावातला, कपड्याचं दुकान आहे त्याचं, माह्या दुकानाच्या समोरच. त्याच्याकडे गिऱ्हाईक नसलं की तो माह्याकडे येऊन बसते अन् माह्याकडे नसलं की मी त्याच्याकडे, म्हणजे दिवसभर आम्ही एकमेकांकडेच असतो. तुम्हाले सांगतो, हे सारं त्यानंच मले सांगतलं आहे, मान खाली घालून, गळ्यातल्या मापाच्या टेपशी चाळा करत.

झालं काय, चाळिशी उलटली, पोट सुटलं, डॉक्टरनं सांगतलं चालत जा. आता दुकानदार माणूस चालते काय? त्यानं सायकल घेतली. अन् सायकल घेतली की आजकाल ग्रूप लागते. वर्धेच्या निकेशचा ग्रूप, दर इतवारी पवनारपर्यंत जातात, नदी पाहतात, अन् येतानी तर्री-पोहे खातात. सायकल चालते जराशी, पोहे चालतात लय वेळ. तर एका इतवारी त्या पोह्याच्या ठेल्यावर निकेशनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आल्प्सचा पहाड, हिरवागार, अन् डोक्यापासून नखापर्यंत चिलखत घातलेले लोकं सायकलीवर बसून दगडाधोंड्यातून असे खाली येऊन राह्यले जसं खाली कोणी पंगत वाढून ठेवली आहे. निकेश म्हणते, "आम्ही तिघं चाललो भाऊ ऑगस्टात. ऑस्ट्रियाले. चालतं काय?"

आता अशा टायमाले शहाण्या माणसानं काय म्हणावं? 'पाहू' म्हणावं. 'पाहू' म्हणून आपल्याकडे लोकं जन्म काढतात, कोणी वापस येऊन विचारत नाई. पण गजेंद्रच्या डोक्यात तर्री गेली होती. तो म्हणाला, "चालतो."

अन् मंग सुरू झालं प्लॅनिंग. निकेश रोज संध्याकाळी दुकानात यायचा, कापड फाडायच्या टेबलावर नकाशा पसरवायचा. त्या पहाडावर रस्त्यांले रंग दिलेले आहेत म्हणे. निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे कठीण. गजेंद्र म्हणते, "अन् हा काळा?" निकेश म्हणते, "काळ्याचं आत्ता नको. काळा आपण शेवटच्या दिवशी करू." हे ऐकून माणसाले समजायले पाह्यजे का नाई? नाई समजलं. हेल्मेट आलं, जबड्यापर्यंत झाकणारं. गुडघ्याले कवच, कोपराले कवच, छातीले कवच. हे सारं घालून तो दुकानाच्या आरशापुढं उभा राह्यला, तवाच एक बाई ब्लाउजपीस घ्यायले आली, तिनं पाह्यलं, अन् उंबऱ्यावरूनच वापस गेली. ती बाई आजही त्याच्या दुकानात पाय टाकत नाई.

बापूजी, म्हणजे आमच्या गल्लीतले सगळ्यात म्हातारे, ते एक दिवस येऊन बसले. म्हणाले, "चढायचं नाई म्हणतं? नुसतंच उतरायचं? मंग वर कसा जाशीन?"

"पाळण्यात बसून, बापूजी. तारेवर चालते पाळणा."

"अन् वरून खाली तो पाळणा रिकामाच येते?"

"हाव."

"मंग त्याच्यातच बसून काऊन नाई येत?"

गजेंद्रनं बापूजीसाठी चहा मांगवला. 

पण इथपर्यंत ठीक होतं हो. घोळ केला त्याच्या मायनं, शोभाबाईनं. म्हातारीनं भजनात सांगून टाकलं, "आमचा गजू विलायतेले चालला, तिथच्या बरफाच्या पहाडावरून सायकल उतरवते." झालं. दुसऱ्या दिवशी कवडूमामा दारात. "भाचा परदेशी चालला अन् मामाच्या घरी दोन घास नाई? हे गडंगनेर समज." आता तुमच्याकडे काय म्हणतात मले माहीत नाई, आमच्याकडे लग्न ठरलं की भाऊबंद नवरदेवाले घरोघरी जेवाले बोलावतात, पाटावर बसवतात, टोपी-टॉवेल देतात, त्याले गडंगनेर म्हणतात. पण ते लग्नाचं. आल्प्सचं गडंगनेर कोणी ऐकलं काय? कवडूमामानं काढलं. मामीनं आमरस अन् सरगुंडे केले, हातानं वळलेले. पाटाभोवती रांगोळी. अन् गजेंद्र जेवला.

अन् गडंगनेराचं कसं असते, एक घर जेवलं की दुसरं सोडता येत नाई. सोडलं तं तीन पिढ्या बोलत नाईत लोकं. कवडूच्या घरी जेवला अन् आमच्या घरी काऊन नाई, आमच्या घरचं अन्न कडू आहे काय? म्हणून रांग लागली. तानबाच्या घरी पातोड्यांचा रस्सा. हरिदासच्या घरी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या. कोणाकडे पुरण, कोणाकडे रोडगे. हा घरोघरी जाऊन राह्यला, टोपी घालून फोटो काढून राह्यला. तवा त्याले बरं वाटे. खोटं कायले बोलू, लय बरं वाटे. जन्मभर लोकाले पँटपीस दाखवणारा माणूस, त्याले लग्नानंतर पहिल्यांदा कोणी पाटावर बसवलं होतं.

मंग एक दिवस निकेश म्हणाला, "भाऊ, जराशी उताराची प्रॅक्टिस करून पाहा." आता आमच्याकडे उतार कुठचा? सपाट जमीन, पाणी टाकलं तं कोणत्या बाजूनं जावं याचा इचार करते. उतार म्हणजे रेल्वेच्या पुलाचा, नाई तं गावामागच्या एका टेकडीचा. गजेंद्र सकाळी सकाळी गेला, सारं चिलखत घालून. पुलावर चढला. वरून खाली पाह्यलं. अन् तुम्हाले सांगतो, पाय पेडलवर यायच्या आधी हात ब्रेकवर गेले. दोन्ही ब्रेक दाबले, असे दाबले की सोडायचं नावच नाई. सायकल मुंगीसारखी सरकून राह्यली. बाजूनं एक बकऱ्यांचा कळप आला, तो पुढं निघून गेला. मागून एक बाई आली, डोक्यावर गठुडं, तीही पुढं गेली, मंग थांबली. "सायकल बिघडली काय भाऊ?"

"हाव."

"मंग हातात धरून न्या ना."

त्यानं उतरून सायकल हातात धरली. हेल्मेट काढलं नाई. त्याच्या आत तोंड होतं अन् त्या तोंडाले घाम होता अन् त्या घामात दोन डोळे होते, ते कोणाले दिसू नये म्हणून काढलं नाई. तरी मनाले म्हणे, पूल आहे, पुलाची सवय नसन. दुसऱ्या दिवशी त्या टेकडीवर गेला. तिथं तं बसलाच नाई सायकलीवर. वर गेला, उभा राह्यला, सूर्य वर आला, अन् हा सायकल खांद्यावर घेऊन खाली. ज्या सायकलीनं त्याले उतरवायचं, तिलेच हा उतरवून घेऊन आला.

त्यानं निकेशले फोन केला. "मले नाई जमत रे. मले भेव वाटते." आता निकेशनं हासावं ना? दोन शिव्या द्याव्या ना? हासला असता तं बरं झालं असतं. निकेश म्हणाला, "काही हरकत नाई भाऊ, सांगतलं हे चांगलं केलं. ग्रूपातला अंकुश विचारून राह्यला होता, तुझ्या जागी तो येते." एवढा समजदार माणूस, बोलायची सोयच ठेवली नाई. म्हणजे जाणं रद्द. पक्कं रद्द. अन् त्याच सांजेले गावातल्या रुपेशच्या घरी गडंगनेर.

रक्षा, त्याची बायको, तिले सारं माहीत होतं. ती म्हणाली, "आज सांगून टाका." "हाव, जेवणाच्या आधीच सांगतो." गेला. पाट मांडलेला. रांगोळीत सायकल काढलेली, रुपेशच्या पोरीनं, दोन चाकं अन् मधात गजेंद्र. आता त्या रांगोळीवर बसून कसं सांगणार? म्हणे जेवल्यावर सांगतो. जेवल्यावर टोपी-टॉवेल आला. टोपी डोक्यावर असताना कसं सांगणार? म्हणे उद्या सांगतो. अन् गजेंद्र जेवला.

दुसऱ्या दिवशी दुसरं घर. तोंड उघडलं की त्याच्यात भजं. "लाजू नको, लाजू नको, घे." अरे बाप्पा, लाजेनंच तं मरून राह्यला तो. घरी येऊन रक्षाले म्हणे, "पोरंबाळं समोर होते." रक्षा म्हणाली, "तुमची लाज भारी गमतीची आहे, खाऊन घेते अन् मंग लाजते." तिचं चुकलं नाई. रात्री तो उताण्यानं पडून राहे, पोट फुगलेलं, अन् म्हणे की प्रत्येक घास मोजून वर येते. दुकानातल्या खुंटीवर टोप्यांचा ढीग झाला होता, त्याच्याकडे पाह्यलं की याच्या मानेवरून घाम उतरे. तरी म्हणे, आता दोनच घरं राह्यले, एवढे होऊ दे. अन् गजेंद्र जेवला.

शेवटचं घर विमलाबाईचं.

विमलाबाई एकटी राहते. तिचा सचिन जर्मनीत आहे, म्युनिकले, नौकरीवर, लय दिवसाचा आला नाई. तिथून ऑस्ट्रियाचे पहाड जवळच म्हणतात, रेल्वेनं जाता येते. म्हातारीनं पाट मांडला. सचिनले आवडते तेच सारं केलं, गोळाभात, कढी, भरली वांगी. ताट वाढून समोर बसली, अन् हा जेवून राह्यला तं याच्या हाताकडे पाहून राह्यली. मंग आतून एक डबा आणला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. "गव्हाच्या चिकाच्या कुरडया आहेत. सचिनले देजो. अन् गजू, त्याले जराक डोळे भरून पाहून येजो. फोनवर तो बरा दिसते. पण फोनवर सारेच बरे दिसतात. खरा कसा आहे, ते मले येऊन सांगजो. तू खोटं नाई बोलणार."

तू खोटं नाई बोलणार. असं म्हणाली ती.

गजेंद्रच्या तोंडात घास होता.  त्यानं तो तसाच गालात धरून सांगतलं, "काकू, मी नाई चाललो. मले उताराचं भेव वाटते. मी कवाच नाई म्हणून टाकलं, अन् तरी साऱ्यांच्या घरी जेवलो. तुमच्याही घरी जेवून राह्यलो."

विमलाबाईनं हात पुढं केला. डबा मांडीवर घेतला. फडक्याची गाठ सोडली, वापस बांधली. मंग एवढंच म्हणाली, "मंग माह्या सचिनले कोण पाहीन?"

शिव्या दिल्या असत्या तं चाललं असतं हो. तिनं कढीची वाटी भरली, ताटात ठेवली, म्हणाली, "जेव आधी. अन्न टाकू नये." अन् गजेंद्र जेवला. अख्खं ताट जेवला, रडत रडत, कढी खारट झाली तरी जेवला. तो म्हणते, आंजीतल्या साऱ्या घरांत जेवलो पण पोट तिथं भरलं.

हात धुऊन तो तडक वर्धेले गेला, अंकुशकडे. अंकुश बँकेत आहे, काडीसारखा पोरगा, भला आहे. तो लगेच तयार झाला, "नेतो ना डबा, भेटतो ना सचिनले, फोटो पाठवतो." गजेंद्रच्या जिवात जीव आला. वापस येऊन विमलाबाईले सांगतलं, द्या डबा. तिनं डबा दिला नाई.

म्हणाली, "ज्यानं माह्या घरी हात नाई धुतला, त्याच्या हाती मी डबा कसा देऊ? सचिन विचारीन, माय कशी आहे, तं हा काय सांगीन? पाह्यलीच नाई म्हणीन. त्याले आण आधी. जेवू घालते."

अन् गडंगनेराचं तुम्हाले सांगतलंच आहे. एक घर झालं की... मंग सगळ्या गावाले खरं सांगणं आलं. गजेंद्रनं घरोघरी जाऊन सांगतलं, प्रत्येक उंबऱ्यावर, त्याच तोंडानं ज्यानं खाल्लं होतं. कोणी हासलं, कोणी पाणी पुढं केलं, रुपेशच्या पोरीनं विचारलं, "काका, मंग रांगोळी पुसू काय?" टोप्या वापस द्यायले गेला तं लोकं म्हणाले, राहू दे, वावरात कामी पडन. अन् सगळ्यांनी अंकुशले बोलावलं. पण अंकुशले आंजीतलं एकही घर माहीत नाई. त्याले कोण नेणार, कोण ओळख करून देणार, कोण सोबत पाटावर बसणार? गजेंद्र. त्यानं एकदाही नाई म्हटलं नाई. कोणत्या तोंडानं म्हणन?

पहिलं घर पुन्हा कवडूमामाचं, शेवटचं विमलाबाईचं. दोन पाट. पुन्हा सरगुंडे. अंकुश लाजत लाजत जेवून राह्यला, मध्येच घड्याळ पाहून राह्यला, त्याचं बिचाऱ्याचं सामान भरायचं राह्यलं होतं. गजेंद्र ताटाकडे पाहून बसलेला, हात आखडून, मान खाली. मामी त्याले वाढतानी जराशी अडखळली, म्हणाली, "वाढू काय गजू, का नको?"

कवडूमामा म्हणाले, "वाढ ना बाई, भरून वाढ. घाई त्या पोराले आहे. याले कुठी जायचं आहे?"