दादाचा पिक्चर आणि भागाबाईचा दादा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय इंदिराबाई, व्यासपीठावर बसलेले देवस्थानचे शालिग्राम आबा, आजच्या निरोपाच्या मानकरी भागाबाई, त्यांना न्यायला सुरतेहून मुराळी म्हणून आलेले त्यांचे मोठे भाऊ झुलालभाऊ, रुक्मिणी महिला भजनी मंडळातल्या माझ्या बहिणी, आणि पेढ्यांसाठी का होईना पण वेळेवर आलेली धरणगावची सर्व मंडळी, आपणा सर्वांना पुष्पाबाईचा नमस्कार.

मी मंडळाची खजिनदार. म्हणून आधी काय आलं ते सांगून टाकते, म्हणजे बोलायला मोकळी. शाल एक, जळगावहून, पासष्ट रुपये. दुकानदार सत्तरवर अडून बसला होता. श्रीफळ एक, चार रुपये. हार देवळाच्याच फुलांचा, खर्च नाही. बाजाची पेटी एक, नवी, सुरतेची, झुलालभाऊंकडून मंडळाला भेट. किंमत विचारली तर भाऊ हसले. म्हणाले, "अक्का, देवाच्या वस्तूची किंमत विचारतात का?" आबा, विचारतात. मी तरी विचारते. वहीत त्या जागी सध्या नुसती रेघ आहे.

इंदिराबाईंनी सांगितलं, भागाबाईच्या गुणांविषयी दोन शब्द बोल. मी पोथी बाजूला ठेवून विचार करायला बसले, तर डोळ्यासमोर सारखे मारामारीचे पिक्चर! विठ्ठलाच्या सभामंडपात उभी राहून हे बोलते आहे, पांडुरंग क्षमा करो. पण मी तरी काय करू? भजन संपल्यावर वर्षभर या मंडळात दुसरा विषय झाला का? कोणी उठून सांगावं.

चूक माझीच होती, म्हणजे शब्दाची होती. मागच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावच्या लेकी माहेरी आलेल्या. झोके झाले, गाणी झाली, दुपारी ऊन मी म्हणत होतं. व्हिडिओ लावायचं ठरलं. मी गिरधरच्या दुकानात निरोप पाठवला, "आखाजीला शोभेल असा, भावाबहिणीचा, दादाचा पिक्चर दे." निरोप जाईपर्यंत भाऊबहीण वाटेत गळाले, दादा तेवढा पोचला. इथेच खिडक्यांना लुगडी बांधून अंधार केला. अन् पिक्चर सुरू होतो न होतो तोच त्या दादाने भर बाजारात एकाचा हात मोडला. आमच्या मंडळातली ताईबाई ओरडली, "अक्का, हाऊ कसा दादा शे वं?" मी तणतणत गिरधरकडे गेले. तो म्हणतो, "अक्का, याच्याहून मोठा दादा माझ्या दुकानात नाही!"

बंद का नाही केला? भाडं दिलेलं होतं.

आणि शेवटी तो दादा बहिणीच्या बांगड्या हातात धरून रस्त्यात पडला, तेव्हा इंदिराबाईंपासून आचारीणबाईंपर्यंत सगळ्या रडत होत्या. लुगडी सोडली, उजेड आला, आणि आम्ही एकमेकींकडे बघेना. कोणासाठी रडलो आपण? ज्याने दुसऱ्याच्या भावाचा हात मोडला त्याच्यासाठी?

तिथून वाद सुरू झाला. मग तुलना करायला म्हणून आणखी दादाचे पिक्चर आणले. इंदिराबाई म्हणतात, सगळ्यांत थोर तो, ज्यात आई पोराच्या तोंडावर दार लावून घेते. कारण तिथे कोणीतरी त्याला नाही म्हणतं. ताईबाईचं म्हणणं, ज्याने रडवलं तोच मोठा. तिने एक खूणही शोधली. प्रत्येक पिक्चरमध्ये तो दादा एकदा तरी जेवायला बसतो आणि कोणीतरी त्याला वाढतं. तिथेच आपण फसतो, म्हणे. जेवणारा माणूस वाईट दिसतच नाही. पुढे तिने हेही जोडलं, "पोटभर खावाले द्या, एक बी पोऱ्या दादा होवाव नही." यात आईलाच दोष दिला म्हणून इंदिराबाई तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मला विचाराल, तर मी आपली हिशेबाची बाई. मला वाटतं, या पिक्चरांत खर्च दिसतो, जमा दिसत नाही. बहिणीचं लग्न दिसतं, देवाला घंटा वाहिलेली दिसते. पण तो पैसा कोणाच्या घरातून आला, त्या घरात त्या दिवशी चूल पेटली का, ते दाखवत नाहीत. दाखवलं तर कोण रडेल? हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले, तेव्हा कधी न बोलणारी भागाबाई टाळ खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही बठ्ठ्या दादालेच देखतस. त्यानी बहिनले कोनी इचारं का, तुले माहीत शे का?"

मंडळी, त्या दिवशी वाद थांबला. कारण भागाबाई कोणाविषयी बोलते ते सगळ्यांना कळलं.

झुलालभाऊ, रागावू नका. तिकडे सुरतेच्या उधन्याला तुम्हाला लोक दादा म्हणतात, हे इथवर आलेलं आहे. तुम्ही रस्त्याने निघालात की दुकानदार उठून उभे राहतात म्हणे. मान म्हणून की भीतीने, हे सांगणाऱ्याला सांगता येत नाही. इकडे ही भागाबाई. नवरा गेल्यापासून दिराच्या पडवीत तिची ट्रंक आणि तिचं अंथरूण. लेकरू नाही. तुमचं पत्र आलं, "कायमची माझ्याकडे ये." तिने मला विचारलं, "अक्का, जाऊ का नही?"

काल तुम्ही माझ्याकडे जेवायला होता. मी कळण्याची भाकरी वाढता वाढता विचारलं, "भाऊ, तिकडे काय करता?" तुम्ही म्हणालात, "असंच अक्का, लोकांची कामं करतो." माझा हात तिथेच थांबला. प्रत्येक पिक्चरमध्ये हेच वाक्य आहे हो! मग जेवण झालं, आणि तुम्ही उठून बहिणीचं ताट स्वतः मोरीत नेऊन घासलंत. हे मात्र एकाही पिक्चरमध्ये नव्हतं. आता सांगा, मी काय समजू?

भागाबाई, तू जा. भाऊ मुराळी आला असताना बाईला थांब म्हणणारी मी कोण? पण तुझे टाळ मी कोणाला देणार नाही. सुरतेची गाडी आपल्या स्टेशनावर थांबते, जाताना थांबते तशी येतानाही थांबते.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी माझा गोंधळ गोड मानून ऐकला, आभारी आहे. पाहुण्यांना काही लागलं असेल तर नुसत्या मॅट्रिक झालेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

एक शेवटचं. शालीच्या घडीत मी माझा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड ठेवलं आहे. भागाबाई, पोचल्यावर त्यावर 'मना दादा शे', म्हणजे माझा दादा आहे, एवढं लिही, आम्ही निवांत होऊ, आणि पेटीपुढची रेघ मी माझ्या हाताने पुसीन. 'मना' नसलं, नुसतं 'दादा शे' असलं, तर पुढच्या गाडीने मी आणि ताईबाई तुला घ्यायला येतो. काही विचारणार नाही.

झुलालभाऊ, ही खूण तुमच्यासमोर मुद्दाम सांगितली. तुम्ही खरोखर तिचे दादा असाल, तर ती जे लिहील ते न वाचता तुम्हीच टपालपेटीत टाकाल. उलट टपाली टाका, वाट बघते.