डुकराचं सोवळं

येलदरीच्या थांब्यावर जिंतूरच्या गाडीची वाट बघता बघता सरजाबाईनं शेजारच्या सासू-जावयाकडं कान लावला.

"मामी, पिल्लं, खुराक, डॉक्टर, समदं कंपनीचं. आपलं फकस्त रान, शेड आन् राबणं. आज तेवढी कागदावर सही करा."

"मोठं झालेलं डुक्कर कुणाचं?"

"कंपनीचं."

"आन् मेलेलं?"

"पुरायला... आपलं."

"मी शेडात गेले तर चालंल ना?"

"बाहेरच्याला बंदी हाय, मामी. डुकरांना रोग लागतो. आदी आंघोळ करायची, मग कंपनीचे कपडे घालायचे."

"माझ्याच रानात मी बाहेरची?"

"उठा, गाडी आली."

"तुमीच जा, जावईबापू. साहेबाला म्हणावं, सही पायजे तर आंघोळ करून माझ्या दारात या. माझ्या रानालाबी रोग लागतो."