सहावं घर

वायोमिंगमधल्या आमच्या गावच्या बंदुकीच्या दुकानात माझ्यापुढे म्हातारा ऑर्व्हल आणि त्याची बायको ओलेटा उभी होती. काउंटरवर दोन रिकामी रिव्हॉल्व्हरं होती. एक त्याचं जुनं, दुसरं दुकानदारानं काढलेलं नवं.

“काका, मागचा हा हॅमर अंगठ्यानं ओढायचा, तो तसाच. पण नव्यात आत पट्टी आहे. चाप ओढल्याशिवाय गोळी सुटायची नाही. रानात न्या, नेमबाजीला न्या, गोळ्यांची सहाही घरं बिनधास्त भरा.”

“ऐकलंस, ओलेटा? सहा!”

“आणि जुन्यात?”

“जुन्यात पाचच, काकू. हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं, नाहीतर नुसत्या धक्क्यानं गोळी सुटते.”

“ते मला नको सांगूस. याच्या भावानं एकदाच सहा भरल्या. घोडीचा तंग आवळताना खोगिरावर अडकवलेली रिकीब सुटली, ती कमरेच्या रिव्हॉल्व्हरच्या हॅमरवर आपटली. संध्याकाळी घोडी एकटीच घरी आली.”

“ड्वेनचं इथं कशाला काढतेस?”

“नवं घे. पण जुनं विकून टाक.”

“बापाचं आहे ते. घरातच राहील.”

“मग पहाटे अंधारात कुठलं उचलशील?”

“पन्नास वर्षं वापरतोय. आंधळा झालो तरी ओळखेन.”

“मीट डोळे.”

“लोक बघतायत गं.”

“बघू देत. मीट. हं, आता नवं उचल.”

“हे काय, हे! हातात घेताच कळतं. भर रे पोरा, सहा भर.”

दुकानदार जागचा हलला नाही.

“डोळे उघड, ऑर्व्हल. त्या दिवशी ड्वेनच्या कमरेला होतं ते.”