उखाजीचा पाटील

मंडळी, एक विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, घरची माणसं शेजारीच बसलीत. आपलं माणूस गप्प झालं, बोलेनासं झालं — म्हणजे त्याची माया आटली का? हं? माना हलवू नका. आधी ऐका.

गिरणेच्या काठी एक गाव. तिथं उखाजी कुंभार. साठी उलटलेली, पण हात चाकावर अजून तरणे. बायको बायजाबाई. एकुलता मुलगा रतन, सुरतेला कापडाच्या गिरणीत. आणि घरातलं चौथं माणूस — कासव! हसू नका. रतननं लहानपणी नदीवरून उचलून आणलेलं. कुंभाराच्या अंगणात माती भिजवायचा हौद असतो ना, त्यातल्या गाऱ्यात, म्हणजे चिखलात, ते राहायचं. बायजाबाई रोज हौदात पाणी घालायची, भाताची शितं टाकायची. नाव ठेवलं होतं पाटील. का? तर चाल तशी! सारं गाव आपलंच, घाई कशाची? खऱ्या पाटलांना कळलं, ते रुसले. कासव नाही रुसलं.

मार्गशीर्षात बायजाबाई गेली. तापाचं निमित्त झालं. रतन आला. दिवसकार्य होईतो भिंतीला टेकून बसला. रडला नाही, बोलला नाही. उखाजीला ते सोसेना. निघायच्या दिवशी म्हणाला, "तुझी आई गेली रे. डोळ्यांतून एक टिपूस नाही? काळीज आहे का दगड?"

रतननं वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली, गेला. मग ना त्याचा फोन, ना ह्याचा.

उखाजीनं चाक भिंतीला लावून ठेवलं. घडवायचं कुणासाठी? सकाळी दोन भाकरी टाकायच्या, एक उरायची. संध्याकाळी दार लोटताना सवयीनं म्हणायचा, "आलो गं." — आणि उंबऱ्यातच थबकायचा. घरात बोलायला कुणी नसलं ना मंडळी, की माणूस भांडी जरा जोरात ठेवतो. उखाजीची भांडी फार वाजायची.

कासवाला शितं टाकायचा तेवढी. एक दिवस बघतो तर कालची शितं तशीच, त्यांवर मुंग्या. कासव नाही.

निघाला शोधायला. नदीच्या डोहात काठी घालून पाहिलं. विहिरीत वाकून पाहिलं. भोयांच्या वस्तीत गेला, मासे धरणाऱ्यांना विचारलं, "आमचा पाटील जाळ्यात आला का रे?"

"पाटील पंचायतीत बसलेत, आबा," भोई म्हणाले. सगळे हसले. तोही हसला. घरी येऊन हौदाच्या काठावर बसला आणि बायजाबाईला म्हणाला, "तुझं म्हणून एवढंच उरलं होतं गं. तेही गेलं. पोरगा गेला, कासव गेलं... माझ्यातच काही खोट असेल."



चैत्र सरत आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर. आपल्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. शेजारची धुर्पताबाई ओसरीशी आली.

"भाऊ, यंदा वहिनीची पहिली घागर. कुठून आणणार?"

"बाजारात मिळेल एखादी."

"कुंभाराच्या बायकोला विकतची घागर?" एवढंच बोलली आणि गेली.

उखाजी उठला. हौदातली माती विटेसारखी झालेली, भेगाळलेली. नदीवरून पाणी आणून ओतत राहिला. माती पीत राहिली. सकाळी माती तुडवायला हौदात उतरला, तर टाचेला काही गोल लागलं. दगड असेल म्हणून हात घातला, उपसून काढला — कासव! मान आत, पाय आत, अंगावर चिखलाचं कवच. हाताला हलकं लागलं. मेलं, असंच त्याला वाटलं.

तरी परातीत पाणी घेतलं, त्यात ठेवलं आणि शेजारी बसला. ऊन अंगणात आलं. चूल तशीच राहिली. हा बसून. मग नाकाचा शेंडा दिसला. मग डोळे.

"इथंच होतास?" उखाजी म्हणाला. "मी गावभर विचारत फिरलो. आणि पाणी... पाणी मीच तोडलं होतं रे."

मंडळी, चिखलाच्या हातानंच त्यानं फोन उचलला.

"रतन..."

पलीकडं काही नाही. एरवी रागानं ठेवला असता. आज धरून बसला. नुसता श्वास ऐकू येत होता, तो ऐकत बसला.

"पाटील सापडला. आपल्याच हौदात. पाणी आटलं म्हणून मातीत उतरला होता."

आणि मग पलीकडं पोरगा रडायला लागला. पुष्कळ वेळ रडला. म्हणाला, "आबा, तिथं मी रडलो असतो, तर तुम्हाला कुणी सावरलं असतं?"

उखाजीला बोलता येईना. आता श्वास ऐकायची पाळी पोराची.

आखाजीला रतन आला. बापानं घडवलेली घागर लेकानं भरली.

तर मंडळी, इथून घरी जाल. कोपऱ्यात कुणी गप्प बसलं असेल — सून असेल, सासू असेल, वयात आलेली लेक असेल. 'हिला मायाच नाही' म्हणण्याआधी एवढं आठवा, की आपण पाणी शेवटचं कधी घातलं? आणि घातलं की लगेच मान वर येईल, असं नाही हो! परातीजवळ बसावं लागतं. चूल थंड राहिली तरी बसावं लागतं. तिथं बसून देवाचं नाव घेतलंत, तर ते ह्या मंडपातल्या नावापेक्षा त्याला लवकर पोचेल.

आता टाळ उचला. आणि ज्यांचं कुणी आज कीर्तनाला न येता घरीच बसलंय, त्यांनी भजनाला थांबू नका. घरी जा.