वच्छलामावशींचं गाणं आणि माझं दुकान

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय अमृता मॅडम, व्यासपीठावर विराजमान संस्थेचे सचिव माननीय कारभारी वाकळे साहेब, सर्व शिक्षकवृंद, पालक, विद्यार्थिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती वच्छलाबाई दाभाडे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मावशी, यांना माझा सविनय नमस्कार.

मी कृष्णा म्हस्के. छावणीत माझं मोबाईलचं दुकान आहे. मावशी या शाळेत सत्तावीस वर्षं सेविका होत्या, त्याबद्दल इथले शिक्षक माझ्यापेक्षा चांगलं बोलले. मी बोलणार आहे त्या गाणाऱ्या वच्छलाबाईंबद्दल. आणि बोलायचं म्हणजे आधी माझाच एक गुन्हा कबूल करावा लागेल. मॅडम, परवानगी असावी.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. तेव्हा माझ्या दुकानावर पाटी होती, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. चाळीस रुपयांत कार्ड गच्च. गाणी कुणाची, कुठून आली, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्यापैकी कितीजणांनी तेव्हा कार्ड भरून घेतलं होतं? हात वर करू नका, साहेबसुद्धा बसलेत.

एका दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत एक बाई आल्या. साधा बटणांचा फोन आणि चाळीस रुपये पुढं केले.

“भाऊ, ते काळ्या पाटीचं गाणं हाय का तुमच्याकडं?”

“हाय की. लई चालतंय.”

“कुणी म्हणलंय?”

“काय माहीत बाई. असंल कुणीतरी.”

“मीच म्हणलंय,” त्या म्हणाल्या.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळे हसले. मीही हसलो, हे सांगताना आज लाज वाटते. बाई रागावल्या नाहीत. काउंटरला हात टेकून त्यांनी तिथंच गायला सुरुवात केली. ‘पाटी माझी काळी, तिच्यावर उजेडाची ओळ’. दोन कडवी आम्हाला पाठ होती. त्यांनी तिसरं म्हटलं, ते आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

“हे तुमच्या कार्डात नाय,” त्या म्हणाल्या. “वैजापूरला भीमजयंतीच्या कार्यक्रमात मी गात व्हते. दुसरं कडवं झालं अन् लाईट गेली. कुणीतरी मोबाईलवर तेवढंच भरून घेतलं.”

मी त्यांचे चाळीस रुपये परत करू लागलो. त्यांनी माझी मूठ मिटवली.

“ठेवा. तुमच्या हाताची मेहनत हाय. पण माझ्या घशाची मेहनत कुठं गेली, तेवढं सांगा.”

मंडळी, त्या दिवशी मी एवढंच केलं की कॉम्प्युटरवर त्या गाण्याच्या फाईलला त्यांचं नाव दिलं. मी फार सुधारलो असं समजू नका. कार्ड भरणं बंद झालं ते माझ्या नीतीमुळं नाही, इंटरनेट स्वस्त झालं म्हणून.

पण ती बाई डोक्यातून जाईना. शेवटी मी शाळेत आलो, मॅडमनी एका रविवारी वर्ग उघडून दिला, आणि आम्ही तिन्ही कडव्यांसह गाणं नीट ध्वनिमुद्रित करून मावशींच्या नावानं इंटरनेटवर टाकलं. लोकांनी ऐकलं, पुढं पाठवलं. मग दोन वर्षांनी एका कंपनीनं त्यालाच ढोल जोडले, स्वतःच्या नावावर चढवलं, आणि एके सकाळी आमचंच गाणं बंद पडलं. कारण काय? तर म्हणे आम्ही ते चोरलं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी विकली, त्याच्यावर पहिल्यांदा चोरीचा आळ आला तो नेमका खऱ्या मालासाठी.

आम्ही मूळ ध्वनिमुद्रण, मावशींची स्वतः रचलेल्या गाण्यांची वही आणि ध्वनिमुद्रणासाठीचं शाळेच्या शिक्क्याचं परवानगीपत्र पाठवलं. चार महिन्यांनी गाणं परत आलं. मागोमाग कंपनीचा फोन. एकरकमी पैसे घ्या, सही करा, गाणं कायमचं आमचं. रक्कम मोठी होती. मावशींच्या मुलीच्या, सोनियाच्या, नर्सिंगच्या प्रवेशाचे दिवस होते. मीच म्हणालो, “मावशी, घेऊन टाका.”

“फी मी पगारातून भरीन,” त्या म्हणाल्या. “पण माझं नाव पुसलं तर उद्या सोनियानं कसं सांगावं, हे माझ्या आईचं हाय म्हणून? त्यांना म्हणावं, वाजवा, पैसे द्या, अन् नाव लिहा.”

एका ओळखीच्या गृहस्थांनी तेव्हा त्यांना टोकलं, जयंतीच्या गाण्याचे पैसे घेणं शोभतं का? मावशी शांतपणे म्हणाल्या, “दादा, आमच्या आज्यानं गावाची कामं फुकट केली. बाबासाहेबांनी ते सोडायला शिकवलं. मग मीच का फुकट राबू?” ते गृहस्थ आज या सभागृहात आहेत आणि टाळ्या वाजवताहेत, याचा मला आनंद आहे.

कंपनीनं तीन महिने ताणलं आणि मग मान्य केलं. आज त्या गाण्याखाली वच्छलाबाई दाभाडे हे नाव आहे. दरवर्षी पैसे येतात, फार नाहीत. पहिल्या वर्षीच्या पैशांतून मावशींनी पुढचे दोन दात बसवले. म्हणाल्या, गाणारीला दात पाहिजेत. लग्नातल्या डीजेवाल्यांकडून त्या पैसे घेतात. शाळेतल्या मुलींकडून आणि विहारात मात्र कधीच नाही. कुणाकडून घ्यायचे आणि कुणाकडून नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांचा. मला वाटतं, सगळा वाद या अधिकाराचाच आहे. कायदा मला कळत नाही, पण एवढं मावशींनी शिकवलं.

आता उद्यापासून मावशी शाळेत नसतील. बिडकीनला सोनियाजवळ राहतील, वहीतली उरलेली गाणी मोकळ्या आवाजात म्हणतील. शाळेच्या नोकरीत ते मनासारखं जमलं नाही, असं त्याच सांगतात.

आज सकाळी मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, “मावशी, तुमची गोष्ट लोकांपुढं सांगणार आहे. चालेल ना?” “सांग,” म्हणाल्या. “मला विचारून सांगणारा तू पहिलाच.”

या मंचावर मला उभं केल्याबद्दल मॅडमचे, संस्थेचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. दुकानदार माणूस आहे, बोलण्यात कुठं तोल गेला असेल तर आपला समजून पोटात घाला. जय भीम, जय महाराष्ट्र.